हळद तीच, द्रावक बदलला की हिशेब बदलतो

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भरपूर कुरकुमीन ही या हळदीची ख्याती. कुरकुमीन ‘अँटिऑक्सिडंट’ आहे, ते फ्री रॅडिकल्सना आवर घालते, असे आपण जाहिरातींत वाचतो. कधी सोबत टक्केवारीही छापलेली असते. ती येते कुठून?

रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने राहतात आणि जोडीतल्या दोघांचे चुंबकत्व एकमेकांना खोडून काढते. फ्री रॅडिकलमध्ये मात्र एक इलेक्ट्रॉन एकटा उरतो, त्यामुळे तो रेणू इवलासा चुंबक बनतो. चाचणीसाठी ‘डीपीपीएच’ हे टिकाऊ रॅडिकल वापरतात. त्याचे द्रावण गर्द जांभळे असते. त्यात हळदीचा अर्क घातला की त्या एकट्या इलेक्ट्रॉनला जोडीदार मिळतो, चुंबकत्व जाते आणि रंग पिवळसर होतो. जांभळा रंग किती उतरला, यावरून टक्केवारी काढतात.

मेख आहे ती द्रावकात. लित्विनिएंको आणि इंगोल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवले, की कुरकुमीन आणि डीपीपीएच यांची अभिक्रिया मिथेनॉल व इथेनॉलमध्ये डायऑक्सेनपेक्षा कैक पटींनी वेगाने होते. डायऑक्सेनचे रेणू कुरकुमीनमधल्या हायड्रोजनला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात, तो सहजी सुटत नाही. अल्कोहोलही धरतेच, पण तिथे कुरकुमीनचा काही भाग आधी प्रोटॉन सोडतो आणि मग झटकन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. थोडे अ‍ॅसिटिक आम्ल घातले की ही पळवाट बंद होते आणि वेग खाली येतो.

द्रावक खुद्द रॅडिकलच्या चुंबकीय खुणाही बदलतो. ‘टेम्पो’ या रॅडिकलमध्ये एकटा इलेक्ट्रॉन नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यात वाटलेला असतो. पाण्याचे रेणू ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडतात, तेव्हा त्याचा वाटा नायट्रोजनकडे सरकतो. म्हणून टेम्पोच्या चुंबकीय वर्णपटातल्या तीन रेषांमधले अंतर टॉल्युइनमध्ये सुमारे १५.५ गॉस, तर पाण्यात सुमारे १७ गॉस भरते. अशा रेणूंच्या साहाय्याने संशोधक पेशीच्या आवरणातला तेलकट भाग आणि पाणी यांतला फरक ओळखतात.

आपल्या शरीरात मिथेनॉलची बाटली नसते. तिथे रक्ताचे पाणी आहे आणि पेशींची तेलकट आवरणेही. शिवाय पोटात गेलेले कुरकुमीन रक्तात फारच थोडे उतरते. त्यामुळे परीक्षानळीतली टक्केवारी म्हणजे औषधाचा गुण नव्हे. वरणातली, भाजीतली हळद खुशाल खावी. जास्त मात्रेच्या गोळ्यांनी मात्र यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि पाकिटावर आकडा दिसला, तर एक प्रश्न जरूर विचारावा: हे मोजले कशात?