चर्चमधल्या आज्यांचं हसू
मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा लेखक बेळगावचा. बाबा पदमनजींचा जन्म तिथे १८३१ साली झाला. लंडन मिशनरी सोसायटी १८२० पासूनच गावात होती. तिच्या शाळेत ते शिकले आणि १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. ‘यमुनापर्यटन’ आलं १८५७ ला. त्यात विधवांचे हाल आहेत, हसायला जागा नाही. त्या काळी तेच लिहिणं गरजेचं होतं.

हसू आलं ते पाऊण शतकानंतर. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. लक्ष्मीबाई नाशिक-नगरकडच्या. आधी घरचं कडक सोवळं, मग नवरा ख्रिस्ती झाल्यावरची ताटातूट, शेवटी स्वतःचा बाप्तिस्मा. हे सगळं भोगून साठी ओलांडलेली ही बाई स्वतःचे रुसवे, हट्ट आणि भांडणं मोकळेपणी सांगते. धार्मिक बाई खट्याळही असते, हे मराठीला तिनेच पटवलं. माझ्या मते या बाबतीत तिच्या तोडीचं पुस्तक अजून आलेलं नाही.

इंग्रजीत बार्बरा पिमने १९५२ च्या ‘एक्सलंट विमेन’मध्ये चर्चची फुलं कोणी रचायची, मदतनिधीच्या विक्रीत पुढेपुढे कोणी करायचं, एवढ्याशा गोष्टींतून अख्खा समाज उभा केला. पुढे तिलाही १९६३ पासून १९७७ पर्यंत प्रकाशक मिळेना. असल्या विषयांना क्षुल्लक म्हणण्याची खोड सगळीकडचीच.

आणि बेळगावी विनोद? तो पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांनी महाराष्ट्रभर नेला. कानडी हेल, तोंडात शिव्या, पोटात माया. पण ते पुरुषाचं चित्र. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी तंबाखूच्या वखारींतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजवाले कथेत आणले. २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी या भागाच्या बोलीला छापील पानावर हक्काची जागा दिली. त्या जागेवर चर्चच्या पहिल्या बाकावरची आजी मात्र मला अजून भेटलेली नाही.

खरं तर ती विनोदी कथेसाठीच जन्मलेली. ‘उपासना संगीत’ या चर्चच्या गीतसंग्रहातलं गीत कोणी उचलायचं, सूर वर गेला तर दोष कुणाचा, नाताळच्या ताटात कुणाच्या करंज्या आधी संपल्या! एक मराठीत टोमणा मारणार, दुसरी कानडीत परतवणार, आणि तिसरी आजारी पडली की दोघी मिळून डबा नेणार. सीमाभाग म्हटलं की १९५६ पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक वादच आठवतो. तो खराच आहे, पण एका बाकावरची ही दुभाषी कुरबूरही तितकीच खरी आहे.

बेळगाव-निपाणीच्या लिहित्या मुलींनो, हे काम तुमचं आहे. आज्या आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, त्यांची भांडणं नीट ऐका आणि त्यांच्याच बोलीत लिहा.