रेडियम विझतं, पण संपत नाही!

'रेडियम' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बाईकच्या नंबरप्लेटवरचं स्टिकर! मित्रांनो, त्यात रेडियमचा कणही नसतो. ते फक्त हेडलाइटचा उजेड परत फेकतं. खरं रेडियम असायचं ते जुन्या घड्याळांच्या आणि विमानांतल्या मीटरच्या डायलवर.

समजा, जुन्या बाजारात असं एखादं अनोळखी यंत्र मिळालं, तर ओळखायचं कसं? अंधारात चमकत नाही म्हणजे सेफ, असं वाटणं साहजिक आहे. पण इथेच फसगत होते. त्या रंगात रेडियमसोबत झिंक सल्फाइड असायचं. अल्फा कण त्यावर आदळले की उजेड पडायचा. या सततच्या माऱ्याने झिंक सल्फाइड काही वर्षांतच निकामी होतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र तब्बल १६०० वर्षं! थोडक्यात काय, तर बल्ब उडाला, करंट चालूच.

मग पहिली टेस्ट गायगर काउंटरची. तो टिकटिकला तर मध्ये कागद धरा. अल्फा कण कागदाने अडतात, बीटा कण काही मिलिमीटर ॲल्युमिनियमने. गॅमा किरण मात्र दोन्हींतून पार जातात.

पण काउंटर 'काहीतरी आहे' एवढंच सांगतो. 'कोण आहे' ते सांगतो गॅमा स्पेक्ट्रोमीटर. गॅमा किरण सोडणाऱ्या प्रत्येक समस्थानिकाची ऊर्जा ठरलेली, अगदी बोटांच्या ठशांसारखी. ६६२ केईव्हीवर शिखर दिसलं तर सीझियम-१३७. ११७३ आणि १३३२ अशी जोडी दिसली तर कोबाल्ट-६०. १८६, ३५२ आणि ६०९ एकत्र दिसले, तर रेडियम आणि त्याची पिलावळ!

हे सगळं आपल्याला कशाला? तर २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागातला, १९७० मध्ये घेतलेला 'गॅमा सेल' भंगारात विकला गेला. मायापुरीत तो तोडला आणि आतलं कोबाल्ट-६० उघडं पडलं. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे चाळीस वर्षांत मूळच्या सुमारे दोनशेवा हिस्साच उरला होता. तेवढ्यानेही भंगारातल्या एका कामगाराचा जीव गेला.

आपल्याही लॅबच्या माळ्यावर लेबल नसलेली जुनी यंत्रं पडलेली असतातच. तेव्हा शंका आली, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. यंत्र उघडू नका, धूळ झटकू नका, कारण रेडियमचे कण श्वासातून आत गेले की कागदाची ढाल उपयोगाची नाही. लांब व्हा, हात धुवा आणि सरांना सांगा. पुढचं काम मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं. आणि हो, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. त्याच्याकडे काउंटर नसतो, फक्त वजनकाटा असतो!