चौथ्या मित्राचे तिकीट

घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत शिकविताना आंब्याचे उदाहरण देण्याची प्रथा जुनी आहे. पहिल्या आंब्याने जेवढे समाधान लाभते तेवढे दुसऱ्याने लाभत नाही आणि पाचव्या-सहाव्या आंब्याला हात लावण्याचीही इच्छा उरत नाही. हा नियम चित्रपटालाही लागू पडावयास हवा. कथा समजली, शेवट कळला, गाणी पाठ झाली की पुन्हा पैसे मोजून तोच चित्रपट पाहण्याचे कारण उरू नये. मुंबई सेंट्रल स्थानकाजवळील ‘मराठा मंदिर’ चित्रपटगृहाच्या तिकीटबारीने मात्र या नियमाला आजवर दाद दिलेली नाही.

आदित्य चोप्रा दिग्दर्शित ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा चित्रपट २० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रदर्शित झाला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याने मराठा मंदिरात एक हजार आठवडे पूर्ण केले. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचे खेळ थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला; परंतु प्रेक्षकांच्या आग्रहामुळे तो फिरवावा लागला. २०२० साली करोनाच्या साथीने सर्वच चित्रपटगृहांना टाळे लावले, त्या काळाचा अपवाद वगळता हा परिपाठ चालत राहिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चित्रपटाला तीस वर्षे झाली.

या खेळाला येणाऱ्यांत गाडीची वेळ होईपर्यंत थांबलेले प्रवासी असतात, तासिका बुडवून आलेली महाविद्यालयीन मुले असतात आणि परगावाहून मुद्दाम आलेले टोळकेही असते. वडील अखेरीस मुलीचा हात सोडतात की नाही, हे जाणून घेण्यासाठी यांतील क्वचितच कोणी आलेला असतो. आनंद बक्षी यांची गीते आणि जतीन-ललित यांच्या चाली प्रत्येकाला ठाऊक असतात. पडद्यावरील पात्राच्या आधी पिटातून संवाद उमटतो, गाणे सुरू होताच शिट्ट्या वाजतात, आणि एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा एखादा तरुण मित्रांच्या आधाराने मोकळ्या गळ्याने गाऊ लागतो.

हाच चित्रपट आज हातातील दूरध्वनीवरही पाहता येतो. तरीही माणसे चित्रपटगृहात जातात, याचा अर्थ तेथे ती चित्रपटाखेरीज आणखी काही विकत घेत असतात. आंबा एकट्याने खाल्ला तरी त्याची गोडी कमी होत नाही. संगीतप्रधान, प्रसन्न चित्रपटाची गोष्ट निराळी आहे. शेजारचा हसला की आपले हसू वाढते, चौघांनी ठेका धरला की पाचव्याचा पाय आपोआप हलतो. अशा आनंदाचा प्रेक्षक हा केवळ उपभोक्ता नसतो, तो उत्पादकही असतो. असे चित्रपट वास्तवापासून पळ काढावयास शिकवितात, हा आक्षेप जुना आहे व तो सर्वस्वी खोटाही नाही. परंतु तीन तासांच्या विसाव्यानंतर मित्रांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडणारा माणूस आपल्या चिंतांकडेच परत जात असतो. फक्त थोड्या अधिक धीराने.

येथेच किमतीचा प्रश्न उभा राहतो. मराठा मंदिरातील या खेळाचे तिकीट शंभर रुपयांच्या बरेच आत ठेवण्यात आले आहे. बहुपडदा चित्रपटगृहात मात्र एका तिकिटाला अनेकदा काही शे रुपये पडतात. मध्यंतरातील खाद्यपदार्थांचा हिशेब वेगळाच. चार मित्रांपैकी तिघांना हा खर्च परवडतो आणि चौथ्याला परवडत नाही, तेव्हा चौथा ‘काम आहे’ असे सांगून घरी राहतो किंवा चौघेही बेत रद्द करतात. कोणत्याही मित्रमंडळींचा बेत असा तिच्यातील सर्वांत हलक्या खिशावर अवलंबून असतो. जुन्या चित्रपटगृहात पिटापासून बाल्कनीपर्यंत दरांची उतरंड होती; त्यामुळे पुढच्या रांगेत दाटीने बसून का होईना, सारे एका छताखाली येऊ शकत.

शासनाच्या करनीतीने ही अडचण ओळखली आहे, पण अर्धवट. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के व त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर होता. १ जानेवारी २०१९ पासून हे दर अनुक्रमे १२ व १८ टक्के झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वस्त तिकिटावरील दर ५ टक्क्यांवर आला. दर उतरले हे स्वागतार्ह. परंतु शंभर रुपयांची मर्यादा २०१७ साली होती तेथेच राहिली. मधल्या काळात वीज, वेतन, भाडे हे सर्व वाढत गेले असता त्या मर्यादेत बसणारी तिकिटे उरली किती? सवलत कागदावर उदार आणि तिकीटबारीवर दुर्मीळ, अशी ही स्थिती आहे.

व्यावसायिकांनाही यातून बोध घेता येईल. २३ सप्टेंबर २०२२ रोजी देशभरातील बहुपडदा चित्रपटगृहांनी एक दिवस ७५ रुपयांत तिकीट दिले. त्यांच्या संघटनेच्या सांगण्यानुसार त्या दिवशी सुमारे ६५ लाख प्रेक्षक आले. एका दिवसाच्या उत्सवावरून वर्षाचा हिशेब मांडणे धाडसाचे ठरेल. तथापि मागणी आटलेली नसून किमतीच्या कुंपणाबाहेर उभी आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते. कराची मर्यादा महागाईच्या प्रमाणात वाढविणे आणि आडवारी दुपारच्या खेळांना पुढच्या काही रांगा स्वस्त ठेवणे, हे उपाय अशक्य कोटीतील नाहीत. रिकाम्या खुर्चीचे उत्पन्न शून्यच असते.

चित्रपट ही काही अन्नवस्त्रासारखी गरज नव्हे, हे मान्य. पण मिळकतीतील अंतर विसरून चार मित्रांनी एकत्र हसावे-गावे, अशा जागा शहरांतून झपाट्याने कमी होत आहेत. चौथ्या मित्राची खुर्ची रिकामी राहते तेव्हा नुकसान त्या एकट्याचे होत नाही. उरलेल्या तिघांचे गाणेही तेवढे उणे होते.