चीजच्या टाकीतली लढाई

चीज करताना दुधात विरजणासारखे जिवाणू सोडतात. ते दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. पण या जिवाणूंनाही विषाणू गाठतात. मग आम्ल नीट तयार होत नाही आणि टाकीभर दूध वाया जाऊ शकतं. काही जिवाणू मात्र तगतात. कसे, हे डॅनिस्को कंपनीच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. हल्लेखोर विषाणूच्या डीएनएचा तुकडा जिवाणू स्वतःच्या डीएनएत साठवतो आणि पुढच्या हल्ल्यात त्यावरून शत्रू ओळखून त्याचा डीएनए कापतो. एकपेशी जिवाला अशी स्मरणशक्ती असावी, हे मला विलक्षण वाटतं! ही क्रिस्पर यंत्रणा. २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांनी अतिदक्षता विभाग भरले असताना, दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत विषाणू ओळखण्याच्या याच तत्त्वावर ‘फेलुदा’ ही कोविडचाचणी तयार झाली.