लाँचर, सँडबॉक्स आणि ब्राउझर : लिनक्सवरील सुरक्षेची एक दुर्लक्षित पायरी

लिनक्स ही कार्यप्रणाली ज्या युनिक्स परंपरेतून आली, त्या परंपरेत फाइल वाचण्याचे वा बदलण्याचे अधिकार वापरकर्त्याच्या नावावर असतात आणि त्याने सुरू केलेल्या प्रत्येक आज्ञावलीला ते आपोआप मिळतात. म्हणजे साधे गणकयंत्र असो की ब्राउझर, त्या व्यक्तीच्या ‘होम’ फोल्डरमध्ये जे जे आहे ते सारे त्या आज्ञावलीला वाचता येते. एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण काम करीत आणि त्यांच्या फाइली एकमेकांपासून जपायच्या असत, त्या १९७० च्या दशकात ही व्यवस्था पुरेशी होती. आज घरच्या संगणकावर वापरकर्ता बहुधा एकच असतो आणि धोका येतो तो त्याच्याच नावाने चालणाऱ्या आज्ञावल्यांकडून. त्यांतही ब्राउझरचे स्थान वेगळे आहे, कारण अनोळखी सर्व्हरवरून आलेला कोड दिवसभर उतरवून घेणे आणि चालवणे हेच त्याचे काम आहे.

हा धोका केवळ तात्त्विक नाही, हे ऑगस्ट २०१५ मध्ये दिसून आले. रशियातील एका वृत्तसंकेतस्थळावरील जाहिरातीतून फायरफॉक्सच्या अंगभूत पीडीएफ वाचकातील एका दोषाचा गैरफायदा घेतला जात असल्याचे मोझिलाने जाहीर केले आणि ६ ऑगस्ट रोजी ३९.०.३ ही दुरुस्त आवृत्ती दिली. जाहिरातीमागची स्क्रिप्ट वापरकर्त्याच्या फाइली शोधून दूरच्या सर्व्हरकडे पाठवीत असे. लिनक्सवर ती टर्मिनलमध्ये पूर्वी दिलेल्या आज्ञांचा इतिहास, दूरच्या संगणकांवर प्रवेश देणाऱ्या एसएसएच किल्ल्या, फाइलझिलासारख्या आज्ञावल्यांच्या जोडणीच्या नोंदी आणि नावात ‘पास’ हा अक्षरसमूह असलेल्या मजकूर-फाइली हुडकत असे, आणि मागे कोणतीही खूण ठेवत नसे. या हल्ल्याला प्रशासकाचा पासवर्ड लागला नाही आणि फाइलींचे कोणतेही अधिकारबंधन मोडावे लागले नाही. ब्राउझरला त्या फाइली वाचण्याची मुभा आधीपासूनच होती. त्या मुभेलाच मर्यादा घालण्याचा मार्ग म्हणजे सँडबॉक्स.

आज्ञावलीला संगणकाचा केवळ ठरावीक भाग दिसेल आणि कर्नलकडे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, तिला ठरावीक प्रकारच्याच मागण्या करता येतील अशा बंदिस्त परिसरात ती चालवणे, याला सँडबॉक्स म्हणतात. या विचाराची मुळे १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधील ‘सीएचरूट’ या सोयीपर्यंत मागे जातात. लिनक्समध्ये मात्र आवश्यक साधने टप्प्याटप्प्याने आली : २००२ मध्ये फाइलव्यवस्थेचे वेगळे दृश्य देणारी ‘माउंट नेमस्पेस’, २००५ मध्ये कर्नलकडे होणाऱ्या मागण्या मर्यादित करणारे ‘सेककॉम्प’, २०१२ मध्ये त्या मागण्या निवडून गाळता येतील अशी त्याची सुधारित रचना आणि २०१३ च्या आरंभी ३.८ या कर्नलमध्ये पूर्णत्वाला आलेली, प्रशासकाच्या अधिकारांशिवाय असा परिसर उभारू देणारी ‘यूझर नेमस्पेस’. ही सगळी साधने सामान्य वापरकर्त्याला एका आज्ञेत वापरता यावीत म्हणून २०१४ मध्ये ‘फायरजेल’ ही मुक्त आज्ञावली पुढे आली. तिच्यासोबत शेकडो आज्ञावल्यांसाठी तयार ‘प्रोफाइल’, म्हणजे नियमांच्या फाइली, येतात. फायरफॉक्ससाठीच्या प्रोफाइलमध्ये होम फोल्डरमधील डाउनलोड्स, ब्राउझरचा स्वतःचा साठा आणि फाँटसारख्या काही गरजेच्या गोष्टी एवढेच दिसू दिले जाते. एसएसएच किल्ल्या, दस्तऐवज, छायाचित्रे हे सारे ब्राउझरच्या लेखी अस्तित्वातच नसते.

टर्मिनलमध्ये ‘फायरजेल’ आणि त्यापुढे ‘फायरफॉक्स’ असे दोन शब्द लिहिले की ब्राउझर सँडबॉक्समध्ये सुरू होतो. अडचण अशी की रोजच्या कामात कोणी हे शब्द टंकीत नाही. ब्राउझर सुरू होतो तो चिन्हावर टिचकी मारून, ई-मेल पत्रातील दुव्यावरून किंवा एखाद्या एचटीएमएल फाइलवरून, आणि या सर्व वाटा ज्या छोट्या फाइलीपाशी येऊन मिळतात तिला लाँचर किंवा ‘डेस्कटॉप नोंद’ म्हणतात. सँडबॉक्स किती कडक आहे याची चर्चा पुष्कळ होते, परंतु ब्राउझर त्यात खरोखर शिरतो की नाही हे ठरते ते या फाइलीत, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते.

ही फाइल साध्या मजकुराची असून तिच्या नावाचा शेवट ‘डॉट डेस्कटॉप’ असा असतो. वेगवेगळ्या डेस्कटॉप परिसरांनी समान संकेत पाळावेत यासाठी हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००० मध्ये ‘फ्रीडेस्कटॉप’ हा प्रकल्प सुरू केला आणि त्याच प्रकल्पाच्या मानकात या फाइलीची रचना निश्चित झाली; त्यामुळे ग्नोम, केडीई आणि एक्सएफसीई हे तिन्ही परिसर एकच फाइल वाचतात. फाइलीत प्रत्येक ओळीवर एक किल्ली, बरोबरचे चिन्ह आणि मूल्य असते. ‘नेम’ ही किल्ली मेन्यूत दिसणारे नाव सांगते, ‘आयकॉन’ चित्र सांगते आणि ‘एक्झेक’ ही किल्ली टिचकी मारल्यावर कोणती आज्ञा चालवायची ते सांगते. ‘नेम’पुढे चौकटी कंसात भाषेचा संकेत देता येतो; मराठीचा संकेत ‘एमआर’ असल्याने मराठीत चालणाऱ्या डेस्कटॉपसाठी त्याच फाइलीत देवनागरी नाव देता येते.

संपूर्ण संगणकासाठीच्या अशा फाइली ‘यूएसआर’मधील ‘शेअर’ या फोल्डरच्या आत ‘ॲप्लिकेशन्स’मध्ये असतात. त्या जागीच बदल करणे हा मोह टाळावा, कारण ब्राउझरची पुढची आवृत्ती आली की ती फाइल पुन्हा मूळ रूपात लिहिली जाते, सँडबॉक्स निघून जातो आणि वापरकर्त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मानकाने यावर उत्तम तोड ठेवली आहे : होम फोल्डरमधील ‘डॉट लोकल’, त्यातील ‘शेअर’ आणि त्यातील ‘ॲप्लिकेशन्स’ या ठिकाणी त्याच नावाची फाइल असेल, तर तिला अग्रक्रम मिळतो आणि मूळ फाइल झाकली जाते. म्हणून मूळ फाइलीची प्रत या ठिकाणी आणावी, नाव जसेच्या तसे ठेवावे आणि प्रतीत ‘एक्झेक’च्या मूल्याच्या आरंभी ‘फायरजेल’ हा शब्द व त्यानंतर एक मोकळी जागा घालावी. ओळीच्या शेवटी टक्क्याचे चिन्ह आणि ‘यू’ हे अक्षर असते, ते पुसू नये. टिचकी मारलेल्या दुव्याचा पत्ता याच जागी भरला जातो आणि ते गेले तर ब्राउझर उघडतो, पण दुवा उघडत नाही.

नाव तेच ठेवण्याला आणखी एक कारण आहे. संगणकाचा ठरलेला ब्राउझर कोणता, ही नोंद लाँचरच्या फाइलीच्या नावाने ठेवलेली असते. नव्या नावाने दुसरी फाइल केली, तर मेन्यूत दोन चिन्हे दिसतील आणि वापरकर्ता निष्ठेने नवे चिन्ह वापरील, परंतु पत्रातील दुवा मात्र जुन्याच फाइलीमार्फत, म्हणजे सँडबॉक्सशिवाय, उघडत राहील. तशीच दुसरी निसटती जागा फाइलीच्या तळाशी असते. चिन्हावर उजवी टिचकी मारल्यावर ‘नवी खिडकी’ आणि ‘नवी खासगी खिडकी’ असे पर्याय येतात. त्या प्रत्येकासाठी फाइलीत स्वतंत्र विभाग आणि स्वतंत्र ‘एक्झेक’ ओळ असते. पहिलीच ओळ बदलून थांबणे म्हणजे वाड्याच्या दिंडी दरवाजावर पहारा बसवून परसदार उघडे टाकण्यासारखे आहे, आणि खासगी खिडकी निवडणारा वापरकर्ता अधिक सुरक्षिततेच्या अपेक्षेने नेमका त्याच उघड्या दारातून जातो. काही आज्ञावल्यांच्या लाँचरमध्ये ‘डीबसॲक्टिव्हेटेबल’ ही किल्ली खरी ठेवलेली असते. तसे असल्यास डेस्कटॉप ‘एक्झेक’कडे न पाहता अंतर्गत संदेशयंत्रणेमार्फत आज्ञावली सुरू करू शकतो, म्हणून प्रतीत ती किल्ली खोटी करावी लागते. शिवाय बदल करण्यापूर्वी उघडलेला ब्राउझर चालूच असेल, तर नवा ब्राउझर दुवा त्याच्याच हवाली करण्याची शक्यता असते. तेव्हा आधी सर्व खिडक्या बंद करणे आवश्यक आहे.

ही सारी कामे एकदम उरकणारी ‘फायरसीएफजी’ ही आज्ञा फायरजेलसोबत येते. ती प्रोफाइल उपलब्ध असलेल्या प्रत्येक आज्ञावलीसाठी ‘यूएसआर’मधील ‘लोकल’च्या ‘बिन’ फोल्डरमध्ये दुवे तयार करते आणि गरजेप्रमाणे लाँचरच्या प्रतीही दुरुस्त करते. सोय मोठी आहे, पण नवख्याने तिच्यापासून आरंभ करू नये, असेच म्हणावे लागते. एकाच वेळी पन्नास आज्ञावल्यांवर बंधने आली आणि त्यांपैकी एक अडली, तर कारण सापडत नाही आणि माणूस वैतागून सारेच काढून टाकतो. एकट्या ब्राउझरचा लाँचर हाताने बदलला तर काय घडले ते समजते आणि अडचणही ओळखू येते. पहिली अडचण बहुधा अशी येते की अर्जासोबत जोडायची फाइल दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये आहे आणि ब्राउझरला ते फोल्डरच दिसत नाही. ती फाइल डाउनलोड्समध्ये ठेवून जोडणे हा यावरचा सरळ उपाय होय. सगळे दस्तऐवज ब्राउझरला खुले केले, तर सँडबॉक्सचा मूळ हेतूच उरत नाही.

नव्या नावाचा लाँचर करणे योग्य ठरते ते वेगळ्या हेतूसाठी. बँकेच्या व्यवहारांसाठी ‘फायरजेल’नंतर ‘प्रायव्हेट’ हा पर्याय लिहून दुसरी फाइल केली, तर प्रत्येक वेळी कोऱ्या, तात्पुरत्या होम फोल्डरसह ब्राउझर उघडतो. जुन्या कुकीज नसतात, एक्स्टेंशन नसतात आणि खिडकी बंद होताच सारे पुसले जाते. उतरवलेले खातेपत्रकही त्यासोबत जाते, एवढे ध्यानात ठेवावे. होम फोल्डरमधीलच एखादा वेगळा फोल्डर या पर्यायाला जोडून दिला, तर ते स्वतंत्र घर कायम राहते आणि घरातील मुलांसाठी किंवा कार्यालयीन कामासाठी निराळा ब्राउझर तयार होतो.

फायरजेललाही मर्यादा आहेत आणि त्या गंभीर आहेत. ही आज्ञावली आरंभी प्रशासकाच्या अधिकारांनी चालते, त्यामुळे तिच्यातील दोष संगणकाचा पूर्ण ताबा देऊ शकतो. २०२२ मध्ये तसा दोष सापडला आणि ०.९.७० या आवृत्तीत दुरुस्त झाला. जुन्या एक्स११ या चित्रदर्शन पद्धतीत एका खिडकीतील आज्ञावली दुसऱ्या खिडकीतील टंकन टिपू शकते आणि फायरजेलच्या नेहमीच्या मांडणीत ते थांबत नाही. वेलँड या नव्या पद्धतीत हा दोष नाही. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स ‘स्नॅप’ या स्वरूपात येतो. स्नॅपला स्वतःचा सँडबॉक्स असल्याने त्यावर फायरजेल चढवण्याचा प्रयत्न करू नये. ‘फ्लॅटपॅक’ हा तिसरा मार्ग ‘बबलरॅप’ या लहान साधनावर उभा आहे, मात्र त्याच्या आत ब्राउझरला स्वतःच्या अंतर्गत सँडबॉक्ससाठी यूझर नेमस्पेस वापरता येत नाही. क्रोमियमसारख्या ब्राउझरचा अंतर्गत सँडबॉक्स फार भक्कम मानला जातो, म्हणून बाहेरची बंधने वाढवताना आतली सैल होत नाहीत ना, हे पाहिलेच पाहिजे. तरीही २०१५ सारख्या फाइलचोरीचा विचार केला, तर एसएसएच किल्ल्या आणि घरातील कागदपत्रे ब्राउझरच्या नजरेआड ठेवणारे हे बंधन उपयोगाचे आहे, यात शंका नाही.

बदल केल्यावर त्याची परीक्षा घेतल्याशिवाय राहू नये. ब्राउझर चिन्हावरून, उजव्या टिचकीच्या प्रत्येक पर्यायातून आणि पत्रातील दुव्यावरून असा वेगवेगळ्या वाटांनी उघडावा आणि दर वेळी टर्मिनलमध्ये फायरजेलला ‘लिस्ट’ हा पर्याय देऊन चालू सँडबॉक्सच्या यादीत तो दिसतो का ते पाहावे. त्यानंतर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘फाइल’ने सुरू होणारा स्वतःच्या होम फोल्डरचा पत्ता लिहावा. डाउनलोड्स दिसले आणि दस्तऐवज व छायाचित्रांचे फोल्डर दिसले नाहीत, तर लाँचर योग्य रीतीने बदलला गेला आहे. ते दिसले, तर कोणती तरी ‘एक्झेक’ ओळ बदलायची राहिली आहे किंवा जुना ब्राउझर अजून चालू आहे.