चांदीचे नॅनोकण आणि जीवाणूंचा प्रतिबंध

चांदीच्या औषधी उपयोगाची परंपरा जुनी आहे. युनानी वैद्यकात चांदीचा वरक खमिऱ्यात घालतात. १८८१ मध्ये जर्मन प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. संसर्गजन्य अंधत्वास तिने मोठा आळा बसला. अलीकडे भर आहे तो चांदीच्या नॅनोकणांवर, म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांवर.

आकार घटला की पृष्ठभाग वाढतो. १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर असतो. त्याचेच १० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. चांदी तेवढीच, परंतु आयन पृष्ठभागावरूनच सुटत असल्याने तिची क्रियाशीलता वाढते.

निर्मिती : सिल्व्हर नायट्रेटच्या उकळत्या विरल द्रावणात सोडियम सायट्रेट मिसळतात. चांदीच्या आयनांचे क्षपण होऊन अणू बनतात व एकत्र येऊन कण तयार होतात. सायट्रेटचे आवरण त्यांना एकमेकांस चिकटू देत नाही. द्रावण पिवळसर होते आणि सुमारे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीच्या साहाय्याने, तर २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने असे कण बनविले.

कार्यपद्धती : चांदीचे आयन जीवाणूंच्या प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी जोडले जातात, त्यामुळे पेशीपटल व श्वसनक्रिया बिघडते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगांत ऑक्सिजनविरहित स्थितीत, जेथे कणांपासून आयन सुटत नाहीत, तेथे ई. कोलाय जीवाणू मेले नाहीत. यावरून कण हे मुख्यतः आयनांचे भांडार ठरतात.

प्रकल्प करविणाऱ्या अध्यापकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. द्रावणात उरलेले सिल्व्हर नायट्रेट स्वतःच जीवाणू मारते. म्हणून कण सेंट्रिफ्यूजने वेगळे करून धुवावेत. केवळ अर्क, केवळ सिल्व्हर नायट्रेट आणि धुतलेले कण यांच्या स्वतंत्र बशा शेजारी ठेवून तुलना करावी. अन्यथा कडुनिंबाच्या वा कणांच्या नावावर जमा होणारे श्रेय उरलेल्या क्षाराचे असू शकते.

वापरातही संयम हवा. १९७५ मध्येच बोस्टनच्या एका रुग्णालयातील भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीस न जुमानणारे साल्मोनेला जीवाणू आढळले होते. मोजे, भांडी, खेळणी अशा प्रत्येक वस्तूत चांदी मिसळत गेल्यास जखमेवरील हा उपाय बोथट होण्याचा धोका आहे.