खाडीसाठीं हवेचें होडकें

रोडपालीच्या काठावर ओहोटीच्या वेळीं उभें राहिलें, तर पाण्यापेक्षां चिखलच अधिक दृष्टीस पडतो. कासाडी नदी ज्या खाडीस मिळते, ती पनवेलची खाडी मुंबई बंदराच्या भरतीओहोटीनें चालते. आणि त्या बंदरांत मोठ्या उधाणाच्या दिवशीं पाणी चार मीटरांहून अधिक चढतें व उतरतें. अशा ठिकाणीं चौदा-पंधरा फुटी शिडाची होडी घेऊन जलविहारास निघालेल्या मनुष्यापुढें मोठा प्रश्न असतो तो काठावर उतरावें कसें हा. होडी काठास लाविली, तर ओहोटीबरोबर ती चिखलांत रुतून बसते. खोल पाण्यांत नांगरली, तर मधलें अंतर तोडण्यास साधन राहत नाहीं. मोठ्या गलबतांच्या मागें यासाठींच एक होडकें बांधलेलें असे. लहान होडीस दुसरें लांकडी होडकें ओढणें झेंपत नाहीं. म्हणून हवा भरून फुगविण्याचें होडकें घ्यावें लागतें.

ही युक्ति नवी नव्हे. फुगविलेल्या कातड्यांवर पोटाशीं पडून नदी ओलांडणारे असुर देशाचे सैनिक सुमारें अठ्ठावीसशें वर्षांपूर्वींच्या शिल्पांत कोरलेले आहेत, आणि पंजाबांतील नद्यांवरही अशीं कातडीं वापरीत. रबरी कापडाचें होडकें मात्र एकोणिसाव्या शतकांतलें. इंग्रजी आरमारांतील पीटर हॅल्केट यानें १८४० नंतरच्या दशकांत असा एक झगा तयार केला कीं, तो अंगावर घालतां येई आणि फुगविला म्हणजे त्याचीच होडी होई!

आतां निवडीकडे वळूं. दुकानदार प्रथम किती माणसें बसतील तें सांगतो. आमच्या मतें प्रथम पाहावें तें आपला काठ कसा आहे हें. आमच्या खाडीच्या काठीं तिवरांचीं मुळें चिखलांतून खुंट्यांप्रमाणें वर आलेलीं असतात, आणि खडकांवर व जुन्या खांबांवर कालवें चिकटलेलीं असतात. कालवाची कड सुरीसारखी कापते. तेव्हां समुद्रस्नानाच्या वेळीं खेळावयाचें पातळ होडकें येथें कामाचें नाहीं. तळाचें कापड जाड असावें आणि हवेचे निदान दोन स्वतंत्र कप्पे असावेत. म्हणजे एक फाटला तरी दुसरा तारून नेईल. पीव्हीसीचें कापड स्वस्त असतें, परंतु आमच्या उन्हांत तें व त्याचे सांधे लवकर निकामी होतात. हायपालॉन नांवाचें कापड महाग, पण ऊन अधिक सोसतें.

वजनाचाही विचार हवा. सात-आठ फुटी चांगलें होडकें पंधरा ते पंचवीस किलो भरतें. दोन मुलांस तें चिखलावरून उचलतां येईल कीं नाहीं, हें उचलूनच पाहावें. तीन-चार किलोंचीं हलकीं होडकींही मिळतात व घडी करून शिडाच्या होडींत सहज मावतात. त्यांचें कापड मात्र पातळ असतें.

सर्वांत अधिक उपेक्षा होते ती वल्ह्यांची. असें होडकें पाण्यावर पानासारखें तरंगतें, म्हणून वारा त्यास हवें तिकडे नेतो. एकदां आम्हीं होडक्याबरोबर आलेलीं प्लॅस्टिकचीं आंखूड वल्हीं घेऊन ओहोटीच्या उलट जाऊन पाहिलें. पाव तास वल्हविलें, तरी काठावरचा तोच तिवर शेजारीं! हिंवाळ्यांत पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याच वेळीं ओहोटी असली, तर वारा आणि पाणी दोन्ही बंदराकडेच ओढतात. त्या वेळीं एकट्या मुलानें होडक्यांत बसूं नये. बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगांत जीवरक्षक जाकीट असावें, हें पालकांनीं स्वतः पाहावें. लांब, मजबूत वल्हीं वेगळीं विकत घ्यावीं. थोडी सोय होडक्यास बांधलेल्या लांब दोरीनेंही होते. दुसरें टोंक मोठ्या होडीवरील सोबत्यानें सैल सोडीत धरावें.

वाऱ्यांत रिकामें होडकें मागें बांधून ओढूं नये, तें उलटतें; हवा सोडून आंत घ्यावें. सकाळीं घट्ट भरलेली हवा दुपारच्या उन्हानें फुगते, तेव्हां थोडी सोडावी. सायंकाळीं तेंच सैल पडलेलें दिसेल. तें भोंक पडल्याचें चिन्ह समजण्याचें कारण नाहीं. विकत घेतांना मात्र तें रात्रभर फुगवून ठेवण्यास सांगावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच थंड वेळीं पुन्हां हात लावून पाहावें. घरीं आणल्यावर गोड्या पाण्यानें धुऊन सावलींत वाळवावें, व पावसाळ्यांत उंदरांपासून दूर टांगावें. उंदीर कापड महाग कीं स्वस्त हें पाहत नाहींत.